टेकडीवरच्या पन्नास माळा

"बाबा, उद्या परीक्षक येतील तेव्हा तुम्ही काहीही करायचं नाही," असं रितिकानं बजावून सांगितलं होतं. पण पाहुणे दारात येणार आणि मनोहररावांनी हातावर हात ठेवून बसायचं, हे त्यांच्या रक्तातच नव्हतं.

लेकीनं आखलेली ही पहिलीच इमारत. काटोल रोडपलीकडच्या टेकडीच्या उतारावर पाच मजले पायऱ्यांसारखे बसवलेले, प्रत्येक छतावर माती आणि गवत, आणि सगळ्यात वरची गच्ची तर थेट टेकडीलाच मिळालेली. इमारत टेकडीत मिसळून गेली पाहिजे, एवढीच परीक्षकांची अट होती. पास झाली तर रितिकाला अशीच एक शाळा बांधायला मिळणार होती. नापास झाली, तर पुन्हा मिहानच्या उद्योग वसाहतीतल्या ऑफिसांची पार्टिशनं आखत बसायचं.

सकाळी मनोहररावांनी वरच्या गच्चीच्या कठड्याला झेंडूच्या पन्नास माळा स्वतःच्या हातानं बांधल्या. सुतळीच्या गाठी अशा आवळल्या की वादळ आलं तरी हलू नयेत. पोरीचं कौतुक त्यांच्या उरात मावत नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा," रितिका दबक्या आवाजात म्हणाली, "आम्ही खालच्या वळणावर आहो. टेकडीवर ते पिवळं पिवळं काय दिसून राहिलं?"

"झेंडू आहे बेटा! लग्नघर वाटते का नाही?"

"अहो, इमारत दिसालेच नको होती नं, बाबा!"

मनोहररावांचं तोंड एवढंसं झालं. ते गाठी सोडायला धावले, पण त्यांच्याच हातच्या गाठी त्यांना दाद देईनात. नखं मोडली तेव्हा कुठं दोन माळा सुटल्या. कठड्यापलीकडे, टेकडीवर राहणाऱ्या नत्थूजींच्या शेळ्या चरत होत्या. याच शेळ्यांवरून काल मनोहररावांनी मोठं भांडण केलं होतं.

"नत्थूजी! शेळ्या इकडं येऊ द्या ना गा!"

"काहून? काल तर पोलिसात देतो म्हणून राहिले होते."

"चुकलं माझं. पोरीच्या इज्जतीचा सवाल आहे!"

नत्थूजींनाही दोन मुली होत्या. पुढं काही न विचारता त्यांनी कठड्याचं फाटक उघडलं आणि शेळ्यांना हाक घातली. एकवीस शेळ्यांनी बघता बघता झेंडूचा फडशा पाडला आणि त्या गच्चीवरच्या गवतात रवंथ करत बसल्या.

परीक्षकांची गाडी वरच्या रस्त्यानं आली. चष्मा लावलेल्या वयस्कर बाई शेळ्यांमधून वाट काढत चार पावलं पुढं आल्या आणि इकडंतिकडं पाहू लागल्या.

"जागा छान आहे. पण इमारत कुठे आहे?"

"मॅडम, आपण तिच्या डोक्यावरच उभ्या आहात," रितिका म्हणाली.

"अगंबाई! आणि मघाशी खालून पिवळं दिसत होतं ते?"

"रानफुलं होती," नत्थूजी शेळ्यांकडे बोट दाखवत शांतपणे म्हणाले. "खाल्ली यायनं."

बाई खळखळून हसल्या. "जी इमारत शेळ्यांनाही कळली नाही, ती पास!" त्यांनी तिथंच कागद काढला आणि शेवटी एक ओळ लिहिली: 'शेळ्या कायम ठेवाव्यात.'

रितिकाचे डोळे भरून आले. मनोहररावांनीही खांद्यावरच्या दुपट्ट्यानं डोळे पुसले आणि नत्थूजींचे हात धरले. "आता रोज आणत जा गा."

"आणतो ना," नत्थूजी म्हणाले. "पण रोजचं झेंडूचं पाहून ठेवजा. शेळ्यायले आता निस्तं गवत चालणार नाही."