सनईला थंडी वाजते

पौषातल्या थंडीत आमचे शेजारी दगडूमामा नुसती बंडी घालून ओट्यावर कुडकुडत बसत आणि घरातली एकुलती एक लोकरीची शाल सनईला गुंडाळलेली असे. मामी म्हणत, "शाल ती पांघरते, खोकला यांना येतो."

मामा सनईवाले. गोड वाजवत, पण थंडीच्या दिवसांत त्यांना बोलावणारा पस्तावे. गार लाकडात तोंडाची ऊन वाफ गेली की ते तडकतं, म्हणून मामा आधी सनईत मोरपिसानं तिळाचं तेल फिरवत आणि मग ती काखेत धरून ऊब देत बसत. एकदा घाटावरच्या देवळात काकड आरतीला त्यांना बोलावलं, तर आरती संपून प्रसाद वाटून झाला तरी सनई काखेतच. पुजारी खवळले. मामा शांतपणे म्हणाले, "देव थांबंल. लाकूड तडकायचं थांबत नाय."

आम्ही हे हसण्यावारी नेत असू. यमूच्या लग्नापर्यंत.

यमू त्यांची एकुलती एक लेक, वणीला दिलेली. लग्नात भर दुपारी मामांनी अशी सनई वाजवली की व्याही पानावरून उठायचे विसरले. पण पाठवणी दुसऱ्या दिवशी, तांबडं फुटताना. बैलगाड्यांना दिवस मावळायच्या आत वणी गाठायची होती. गाडीत चढता चढता यमू म्हणाली, "आबा, वेशीपर्यंत तरी वाजवत या ना."

"येतो गं. जरा ऊन वर येऊ दे. लाकूड लय गार हाय."

व्याह्यांनी थोडी वाट पाहिली आणि बैल हाकले. मामा काख आवळून ओट्यावर बसलेलेच. ऊन अंगणात आलं तेव्हा ते उठले आणि रिकाम्या रस्त्याकडे तोंड करून वाजवू लागले. दारातून मामी म्हणाल्या, "आता कुणासाठी?" मामा वाजवत राहिले.

पुढल्या हिवाळ्यात यमू पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. सकाळच्या सर्व्हिस मोटारीनं. मामांबरोबर मीही तिला आणायला गेलो. धुकं इतकं की समोरचं पिंपळाचं झाड दिसेना. मोटारीचे दिवे दिसले मात्र, मामांनी पिशवीतून सनई काढून थेट तोंडाला लावली.

"मामा, गार आहे ती!" मी ओरडलो.

त्यांचं लक्ष नव्हतं. दोन सूर चांगले लागले, तिसऱ्याला लाकूड कडकन वाजलं आणि सूर फाटला. तसल्या फाटक्या सुरातही ते वाजवत राहिले. मोटारीच्या घरघराटात त्यांचं वाजवणं शेजारी उभ्या असलेल्या मलाही नीट ऐकू येत नव्हतं. मोटार थांबली, धूर निवळला, यमू जपून खाली उतरली, तोवर मामांनी सनई खाली घेतली होती.

"आबा, सनई घेऊन आलात? एवढ्या सकाळी कुठली सुपारी होती?"

"होती एक," मामा म्हणाले आणि तिचं गाठोडं घ्यायला पुढे झाले. दुसऱ्या हाताचा अंगठा त्यांनी सनईच्या चिरेवर घट्ट दाबून धरला होता.