उजवी पाकळी

आमच्या घरात मिक्सर आला त्या दिवशी आपांनी तो ओटीवरच्या मेजावर ठेवला, त्याला हळदकुंकू लावलं आणि पुढ्यात नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! हो जो काय यंत्र आज घरात इलो आसा, तेका बरी बुद्धी दी. सुनेची बोटां सांभाळ. लायट गेली तर वेगीन परत हाड. आणि खोबरां बारीक वाटून दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आमचे हे मागून म्हणाले.

आमच्या पेडण्याच्या बाजूला गाऱ्हाणं सगळेच घालतात. देवासमोर उभं राहून, शेजाऱ्याला सांगावं तसं मोठ्याने सांगायचं आणि बाकीच्यांनी मध्ये मध्ये "होय म्हाराजा" म्हणायचं. पण ते जत्रेला, पेरणीला, लग्नकार्याला. आपांना कसलंही निमित्त पुरे. नवी वहाण, रेडिओचे सेल, शेजारच्या जायूवहिनीच्या म्हशीचा रुसवा. गोवा वेगळं राज्य झालं तेव्हाही त्यांनी अंगणात नारळ फोडला. "नवीन आसा रे म्हाराजा, चालूक शिकय तेका."

त्या दिवसांत मराठी की कोंकणी यावरून तिंट्यावर, म्हणजे गावच्या नाक्यावर, माणसं एकमेकांच्या अंगावर जात. कोणीतरी आपांना डिवचलं, "आपा, तुमी गाऱ्हाणां खंयच्या भाशेत घालतास?"

आपा म्हणाले, "तोंडात येता तेतूर. देव काय म्हापशाच्या हायस्कुलात शिकलेलो नाय."

आपा म्हणजे ह्यांचे थोरले काका. लग्न त्यांनी केलं नाही. आईबाप लवकर गेलेल्या पुतण्याला त्यांनीच वाढवलं. कमरेला पंचा, कानावर तुळशीचं पान, आणि चालताना स्वतःशी काहीतरी पुटपुटणं. पुटपुटणं म्हणजे बहुतेक पुढच्या गाऱ्हाण्याची तयारी असायची.

एका गोष्टीत मात्र ते फार कडक. "होय म्हटल्याबगर गाऱ्हाणां वर चढना नाय," ते सांगत. "थंय तुळशीकडेच बसान रवता."

मी लग्न होऊन आले तेव्हापासून ते "होय" मनातच म्हणत आले होते. ओठ तेवढे हलवायचे. मोठ्याने बोलायची मला सवय नाही. आपांनी काही विचारलं तरी मी मान हलवायची. आपा कोणालाही कौतुकाने सांगत, "आमची सून म्हणजे घुमट. वाजयल्याबगर वाजना नाय." घुमट म्हणजे आमच्याकडचं मडक्यासारखं मातीचं वाद्य.

मग बाळ झालं. पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी, डिचोलीला व्हायचं. पण ऐन वेळी माझी आई विहिरीच्या पायरीवर घसरली आणि पाय मोडून खाटेवर पडली. म्हापशाच्या इस्पितळात बाळ झालं आणि मी सासरीच आले. बाळ हसायला लागलं, मूठ सोडून बोटं बघायला लागलं, तरी आईने त्याला पाहिलं नव्हतं. बाळाला घेऊन चार दिवस डिचोलीला जाऊन यावं, एवढंच माझ्या मनात होतं. ह्यांनी तुयेच्या कारखान्यात रजाही सांगून ठेवली.

आपा म्हणाले, "जावचां. जावचांच. पण आदी देवाक विचारूक जाय."

देवाला विचारायचं म्हणजे प्रसाद लावायचा. परड्यातल्या तांबड्या पिटकुळीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून देवाच्या पाषाणावर चिकटवायच्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी आधी पडली तर देवाची संमती, डावी पडली तर नको. देवळात हे काम गुरवाचं. आपांनी ते घरी आणलं होतं.

पहिल्या दिवशी डावी पडली.

"नदीचो वारो बरो नाय आसतलो," आपा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी डावी. "फेरीबोटीचां इंजिन बिघाडतलां."

"देवाक इंजिनाचां कसां कळता आपा?" ह्यांनी विचारलं.

"तुज्या फॅक्टरीवाल्यांपरास बरां कळता."

गंमत अशी, की देव नको म्हणत होता आणि आपा तयारी करत होते. रोज सकाळी ते पिशवीत काहीतरी घालत. वेखंड, जायफळ, उगाळायची सहाण. आमच्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून, कारण "परक्या पाण्यान पोट बावचाळता." तुळशीतली चिमूटभर माती पुडीत बांधून. एक छत्री मोठ्या माणसांना, एक लहान छत्री बाळाला. दर दिवशी पिशवी फुगत होती आणि दर दिवशी डावी पाकळी पडत होती.

मी दुपारी बाळाला मांडीवर घेऊन जनेलाच्या गजांपाशी बसायची. बाहेर ऊन माडांतून गळत असायचं, पाळण्याची कडी वाऱ्याने मधूनच कुरकुरायची. माझे डोळे जड होत आणि मी बसल्या जागी निघायची. तिंट्यावरून बस, मग नदी. फेरीबोट पाणी कापत नाही, नुसती सरकते असं वाटायचं, जशी साय सरकते दुधावर. पलीकडचे माड जवळ येत, म्हापशाचा बाजार मागे जाई, डिचोलीचं आमचं दार येई, आणि आई खाटेवरून दोन्ही हात पुढे करी. तिथवर पोचले की बाळ जागं होऊन रडायचं आणि मी परत पेडण्यात.

मग एका सकाळी मी देव पुसायला बसले आणि पाषाणाच्या उजव्या बाजूला मुंग्यांची रांग दिसली. डाव्या बाजूला एकही नाही. बोट लावलं तर उजवीकडे चिकट लागलं. बोट जिभेला लावलं.

गूळ.

डावी पाकळी पाण्याने लावलेली, उजवी गुळाच्या पाण्याने. उजवी पडणार कशी? मला आधी राग आला. मग ओटीवरून आपांचा आवाज आला. बाळाला पायांवर घेऊन ते त्याला सांगत होते, "नदी लय मोठी रे बाबा. तुका आवडूची नाय." बाळ ऊं ऊं करत होतं आणि आपा दर ऊं ला समजावत होते. रागाला कुठे बसावं ते कळेना. मी ओल्या फडक्याने मुंग्या पुसल्या आणि ह्यांनासुद्धा बोलले नाही.

त्याच दिवशी डिचोलीकडून फिरत येणारा काकणकार माझ्या आईने दिलेली पिशवी घेऊन आला. आत बाळासाठी लहानशी गोधडी. आईच्या जुन्या निळ्या लुगड्याची. आपांनी ती हातात घेऊन उलटीसुलटी केली. टाके सुरुवातीला सरळ होते, पुढे पुढे वाकडे होत गेलेले.

"आडवी पडान शिवल्यान ही?" आपांनी विचारलं.

मी मान हलवली.

बाळाला गोधडीत ठेवलं तर ते नाक घुसळून झोपलं, आणि झोपेत हसलं. आपा कदेल ओढून तिच्यावर बराच वेळ बसून बघत होते. मग म्हणाले, "आजयेचो वास वळाखता गे तो." आणि उठून परड्यात गेले.

दुसऱ्या दिवशी आपांचा हात पाषाणावरून निघायच्या आत उजवी पाकळी खाली पडली.

"देव मानलो!" आपा ओरडले.

"आणि इतके दिवस कित्याक मानना नाय तो?" हे म्हणाले.

"देवाकय कामां आसतत!"

दुपारी देव पुसताना पाहिलं. मुंग्यांची रांग आता डावीकडे होती. डावी पाकळी अजून घट्ट बसलेली. मी ती तशीच राहू दिली.

निघायच्या सकाळी हे पिशव्या घेऊन बस थांबवायला पुढे तिंट्यावर गेले. मी बाळाला गोधडीत गुंडाळून ओटीवर आले तर आपा तुळशीपाशी नारळ धरून उभे. आता नदी येणार, फेरीबोट येणार, कंडक्टर येणार, म्हापशाचे खड्डे येणार, आणि बस निघून जाणार.

"बा देवा म्हाराजा," आपांनी सुरू केलं आणि थांबले. कानावरचं तुळशीचं पान काढलं, परत ठेवलं.

"बा देवा म्हाराजा. ह्या घरात लय वर्सां आवाज नाय होतो. आता खंय इलो आसा. तो आजयेक दाखय... आणि परत हाड रे म्हाराजा."

एवढंच.

आपा हात जोडून उभे राहिले. मागून कोणी काही म्हणेना. म्हणणारे हे तर तिंट्यावर होते. दूरवर बसचा भोंगा वाजला, तरी आपा हलेनात. गाऱ्हाणं तिथेच, तुळशीपाशी बसून होतं.

"होय म्हाराजा!" मी म्हटलं.

इतक्या मोठ्याने, की बाळ दचकलं आणि जायूवहिनी कुंपणावरून बघायला लागली.

आपांनी वळून पाहिलं. डोळे ओले होते, तरी तोंड हसरं.

"बरो आसा गे तुजो आवाज," ते म्हणाले. "आता धाव. बस चुकतली."