पंगतीचा पुरावा

आमच्या टीव्हीवर काय लागेल हे कुठली कंपनी ठरवत नाही, मी ठरवतो. एक जुना कॉम्प्युटर, त्याला जोडलेली मोठी डिस्क आणि इंटरनेटवर पाहून-पाहून घेतलेलं शिक्षण, एवढ्या भांडवलावर मी घरातच सर्व्हर उभा केला. बारसं, वास्तुपूजन, खुशीचं पहिलं पाऊल, सगळं त्यात. उमरखेडात बसून पाहा नाहीतर अमेरिकेत बसून पाहा. अमेरिकेत आमचं कोणी नाही, पण असतं तर त्याला दिसलं असतं.

हा सर्व्हर कपाटात, तुरीच्या पोत्याशेजारी राहतो. जुनी फाइल नव्या साच्यात बदलायला घेतली की तो असा घोंघावतो आणि तापतो की माझी बायको दिपाली त्याच्यावर कुरड्या वाळत घालते. विज्ञानाचा मान कसा ठेवावा हे आमच्या घरात मला एकट्यालाच कळतं.

यंदा या सर्व्हरला खरं काम मिळालं. माझ्या पोरीचं, खुशीचं, लग्न ठरलं आणि ढाणकीचे माझे सख्खे काका, देवराव, येणार नाही म्हणून बसले. कारण काय, तर माझ्या ताईचं लग्न. ताईच्या लग्नात म्हणे त्यांना कोणी जेवायला बोलावलं नाही. ताईच्या घरी आता सून यायची वेळ झाली, तरी काकांची ती पंगत काही संपत नाही. तेव्हापासून आमच्या घरचं पाणी बंद. बाबा, किसनराव, वारले तेव्हा आले, भावाला खांदा दिला, आणि स्मशानातूनच परस्पर एसटी स्टँडवर गेले.

माझी माय, वच्छलाबाई, रोज एकच म्हणायची. "तुह्या बाबाच्या जागेवर उभं राह्याले आता तेवढा एकच माणूस उरला. भाऊजी नसले तं मले तो मांडव रिकामाच दिसन."

"पण बाबा त्यांना बोलवायला गेले होते ना?"

"तुह्या बाबानं तं तसंच सांगतलं होतं. मी गेलतो त्याले बलावाले, म्हणे."

"मग झालं. लग्नाची कॅसेट आहे. सगळं त्यात असणार."

लोक म्हणतात, नात्यातल्या माणसाला समजावून जवळ करावं. मी म्हणतो, आधी खोटं पाडावं, मग जवळ करावं. कॅसेटची फाइल सर्व्हरवर होतीच. पूर्ण कोणीच पाहिली नव्हती. लग्नाची कॅसेट पूर्ण पाहतं कोण? नवरानवरी गुलाबाच्या फुलात बसून गोल फिरायला लागले की शहाणी माणसं उठून जातात. मीही पाहिली नव्हती. खात्री असताना कशाला पाहायची? काकांच्या मोबाइलवर लिंक पाठवली आणि खाली लिहिलं, "पाहा, मग बोला."

दुपारी फोन आला.

"कपल्या, काय पाठवलं बे हे?"

"ताईचं लग्न आहे, काका."

"लग्न कुठचं? चकरी आहे. गोल-गोल फिरून राह्यली. जेवण झाल्यापासून पाहून राह्यलो, संपतच नाही."

"फाइल मोठी आहे. थांबेल ती."

"तवा जेवाले नाही बलावलं, आता चकरी दाखवून राह्यला," म्हणाले आणि फोन ठेवला.

संध्याकाळपर्यंत ढाणकीच्या बाजारात पसरलं, की किसनरावाच्या पोरानं सख्ख्या काकाले चकरी दाखवली.

चूक टॉवरची होती. पण टॉवरला कोण बोलणार, म्हणून मी फाइल लहान करायला घेतली. चित्राची सफाई कमी केली. शिवाय सेकंदाला जेवढी चित्रं पळतात तो आकडाही अर्धा केला. चित्रं अर्धी तर फाइल अर्धी, साधं गणित. शाळेतही गणित मला असंच साधं वाटायचं, अवघड जायचं ते मास्तरांना. कॉम्प्युटरनं काय करावं? एकही चित्र टाकलं नाही. तीच सगळी चित्रं दुप्पट वेळ चालवली. ती फाइल मी तशीच, न पाहता, ढाणकीला पाठवली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं काका स्वतः दारात. उंबरठ्याच्या बाहेर उभे, धोतराचा सोगा मुठीत.

"मेलेल्या माणसाची मजाक करतं? माह्या भावाले पाण्यात बुडाल्यावानी चालवतं?"

माय आतून आली. "भाऊजी, आत या."

"आत नाही येत, वहिनी. पोराले समजावाले आलो."

"मंग बाहेरून कसं समजावसान? टीव्ही आत आहे."

काका आत आले. इतक्या वर्षांनी, केवळ भांडायची सोय म्हणून. मी टीव्ही लावला, आणि आपण काय करून ठेवलं ते तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मांडवाचं कापड झोपेत कोणी श्वास घ्यावा तसं वर येत होतं, खाली जात होतं. नवरदेवाच्या घोड्यानं पाय उचलला आणि तो खाली ठेवायचं विसरून गेला. अक्षता हातांतून सुटल्या आणि हवेतच राहिल्या. त्यांना पडायची काही घाई नव्हती. बँडचा आवाज मात्र आपल्या जुन्या वेगानं वाजत पुढं निघून गेला आणि लग्न अर्ध्यावर असतानाच संपला. त्यानंतर आवाज नाही, नुसती माणसं. ताई हसत होती, आणि हसू ओठांवरून डोळ्यांपर्यंत पायी पायी जात होतं. तरण्या मायनं पदर सावरायला हात उचलला. तो डोक्यापर्यंत पोचेस्तोवर माझ्याशेजारी बसलेल्या मायचाही हात आपल्या पदराशी गेला होता.

"थांबा, दुरुस्त करतो," मी म्हणालो आणि मूळ फाइल लावली. डोळ्यांना संथपणाची सवय झालेली, सगळं वऱ्हाड मुंग्यांसारखं पळायला लागलं. पंगत आली, जिलबीचं ताट आलं, पंगत गेली.

"पाह्यलं," काका म्हणाले. "मले तं जिलबी दिसली."

माय म्हणाली, "ते हळूवालंच लाव बरं."

लावलं. पंगत आली. शूटिंगवाल्याचा सगळा जीव जिलबीत. पण आता जिलबीच्या मागं, कोपऱ्यात, काय चाललंय ते पाहायला वेळ मिळत होता. तिथं रिकाम्या पोत्यांच्या थप्पीवर एक माणूस झोपला होता. तोंड उघडं, कोपरापर्यंत बेसन.

"मीच व्हय तो," काका म्हणाले. "पहाटपासून कढईवर होतो."

कोपऱ्यात बाबा आले. हातात वाढलेली पत्रावळ. ते वाकले आणि काकांच्या खांद्याकडे हात नेला. तो हात खांद्यापाशी येऊन थांबला. किती वेळ थांबला! मग तसाच मागं आला. बाबांनी गळ्यातला शेला काढला, त्याची घडी केली आणि काकांच्या डोक्याखाली हळूच सरकवली. शेजारून बादलीवाला काही ओरडत जात होता, त्याला ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. आणि पत्रावळ घेऊन, चिखलातून चालावं तसे, परत गेले.

म्हणजे काकांना जेवायला बोलावलं नव्हतं, हे सिद्ध झालं. मी केलं सिद्ध, माझ्याच सर्व्हरवर, माझ्याच घरात.

"मंग पाठवणीची घाई झाली," माय हळूच म्हणाली. "रडण्यात तुमाले उठवाचं राहून गेलं असन त्यायच्या."

"पुन्हा लाव," काका म्हणाले.

पुन्हा लावलं. त्यानंतर पुन्हा. काका सोफ्यावरून उठून टीव्हीसमोर खाली, फरशीवर बसले. बाबांचा हात खांद्यापाशी आला की तेही श्वास रोखून बसत, जणू या वेळी झोपलेला माणूस उठेल.

"सांगाचं नाही का त्यानं?" शेवटी ते टीव्हीलाच म्हणाले. "मीच झोपू देलं तुले, येवढं सांगाले काय झालतं? जन्मभर भांडत राह्यलो मी."

"तुमी आयकलं असतं?" मायनं विचारलं.

काकांनी विचार केला. "नसतं आयकलं."

ते उठले, डोळे पुसले, चपला घातल्या. "खुशीच्या लग्नाले येतो. आधीच येतो. कढई माह्याकडं." मायनं कोणाला दिसू नये म्हणून तोंड फिरवलं. उंबरठा ओलांडून काका थांबले. "पण एक सांगतो, वहिनी. इतक्या वर्षांनी माणूस घरात आला, चहाले कोणी विचारलं नाही."

आणि गेले.

खरंच कोणी विचारलं नव्हतं. दिपालीनं गॅस पेटवला, मी थर्मास घेऊन स्टँडकडे पळालो. ढाणकीची गाडी लागलेली होती. काका खिडकीशी बसले होते, असे प्रसन्न की विचारू नका. त्यांनी मला पाहिलं, माझ्या हातातला थर्मास पाहिला, आणि शांतपणे काच ओढून घेतली.