लडकूजी पळसदरीकर यांनी न हलता मारिलेल्या मोहिमेची हकीकत

ज्या विधात्याने कोणाच्या तोंडावर नाक सवडीने बसविले आणि कोणाचे घाईत उरकिले, त्यास प्रथम दंडवत. मग पळसदरीच्या ग्रामदेवतेस आणि कर्जत मुक्कामी फोटोचे दुकान चालविणाऱ्या जलालभाईंच्या तीनपायी यंत्रास दंडवत करून, राजश्री लडकू वलद आबाजी पळसदरीकर यांनी बालवयापासून निव्वळ तोंडाच्या बळावर नामलौकिक मिळविण्याची मसलत कैसी केली, शिकस्त कैसी खाल्ली आणि फत्ते कैसी पावली, ते साद्यंत लिहिले असे. वाचणारास हसू आल्यास हसावे, लिहिणाराची ना नाही.

शके अठराशे अडतीस, लडकूजींचे वय वर्षे चार. मातोश्री ठकीबाईसाहेब लेकरास कडेवर घेऊन कर्जतच्या बाजारास आल्या. त्याच सुमारास मुंबईच्या एका घुटीवाल्याने बाटलीवर चिकटविण्यास गुटगुटीत बाळाची तसबीर मागविली होती आणि जलालभाई तीन दिवस गावच्या बाळांपुढे नाचून हवालदिल जाहले होते, कारण त्या काळी काचेवर तसबीर उमटेतोवर बसणाराने दम धरून बसावे लागे, आणि बाळे म्हणजे बोलूनचालून बाळे. मग त्यांनी लडकूजींस खुर्चीवर बसविले, मानेमागे लोखंडी आधार लाविला आणि फर्मान काढिले की, हललास तर तसबिरीत भूत उमटेल. लडकूजी भुतास बहुत भीत. ऐसे बसले की नाकावर माशी आली, फिरली, कंटाळून निघून गेली, परंतु पापणी लवली नाही. जलालभाई थक्क होऊन बोलिले, "ठकीबाय, हा पोरगा नाय, खांब हाय." मातोश्रींनी ही तारीफ समजून पदर सावरिला.

तेथून लडकूजींचा अंमल वाढत गेला. घुटीमागून केशतेलाची बाटली सर केली, मग मोरपीस लावून उदबत्तीचा पुडा काबीज केला. ठकीबाईसाहेबांनी ते सारे कागद चुलीमागच्या भिंतीस खळीने चिकटविले आणि दारी येईल त्यास दाखविल्यावाचून पाणी देईनात. लडकूजींच्या डोक्यात हवा शिरली. शाळेत पंतोजींनी पाढा विचारिला तरी उत्तर न देता हनुवटी वर करून बसत आणि छडी खात, तीही न हलता.

परंतु तेरावे लागले आणि मान लांबली, तोंडावर पुटकुळ्यांनी छावणी दिली, आवाजाचा बंदोबस्त राहिला नाही. घुटीवाल्याचा खलिता आला की, पुढील बाळ पाठविणे. तेव्हा तीर्थस्वरूप आबाजींनी, जे कर्जत स्टेशनात दुधाचा रतीब घालीत, हुकूम जारी केला, "तोंड बघून म्हस पान्हा सोडत नाय. उद्यापास्नं चरव्या उचल." ठकीबाईसाहेब दोन दिवस जेवल्या नाहीत. मग तह जाहला तो येणेप्रमाणे की, कार्तिकात पळसदरीच्या तळ्यावर बायस्कोपवाल्यांची कंपनी उतरणार आहे, तेथे लडकूजींचे काम लागले तर मोकळीक, न लागल्यास जन्मभर दुधाच्या चरव्या, आणि त्यावर कोणी ब्र काढू नये.

शके अठराशे सत्तेचाळीस, कार्तिकमासी, भात झोडून पेंढे रचिले असता, कंपनी तंबू, मुकुट आणि लाकडी गदा ऐशा सरंजामानिशी दाखल जाहली. डायरेक्टरसाहेबांनी गावचे गडी दैत्यांच्या फौजेत भरती केले आणि लडकूजींस हरोळीस, म्हणजे फौजेच्या अगदी पुढे, दिले. हुकूम ऐसा की, शिटी होताच उतारावरून धावून देवांवर तुटून पडावे. शिटी जाहली. लडकूजी चार पावले वाघासारखे धावले आणि यंत्राचा काचेचा डोळा समोर आला. मग काय विचारता, नऊ वर्षांची सवय जागी जाहली, श्वास कोंडला, हनुवटी वर गेली आणि लडकूजी भर रणांगणी तसबिरीस उभे राहिले. मागून जैतू गडी गदेसह आदळला, जैतूवर शुक्रा, शुक्रावर आणिक पाच, आणि देव हसता हसता मुकुट पडून बोडके जाहले. डायरेक्टरसाहेब गरजले, "ह्या खांबाला उचला इथून." नऊ वर्षांपूर्वीची पदवी ऐशी परत मिळाली. आबाजी बांधावरून पाहत होते, ते खाली आले आणि रिकामी चरवी पुत्राच्या हाती देते जाहले. त्या समयी लडकूजींस रडू कोसळले, हे झाकण्यात मतलब नाही.

त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी कंपनीवर बाका प्रसंग गुदरला. ऋषी तप करीत बसले असता अंगावर वारूळ चढले, ऐसा देखावा घेणे होता. कंपनीचे नामांकित नट चिखल लिंपून बसले, परंतु तेथील मुंगळे खरे निघाले आणि ऋषी तीन वेळा तप सोडून मांडी खाजविते जाहले. मग रागे भरून, स्वतःच्या मालकीची दाढी काढून, तंबूत जाऊन निजले. सूर्य माथेरानच्या डोंगराकडे कलला, दुसरे दिवशी कंपनीचे कूच. जलालभाई तसबिरा काढण्यास आले होते, ते पुढे होऊन बोलिले, "साहेब, न हलणारा मानूस पायजे ना? मघाशी तुमीच हाकललात."

तात्काळ लडकूजींस चिखल लिंपिला, तो तोंडावर दोन बोटे जाड. दाढीची अडचण पडली, ती आबाजींच्याच खळ्यावरील पेंढा वळून दूर केली, जटाही त्याच्याच केल्या. एवढ्या शहाण्यांत कोणाच्या ध्यानी आले नाही की, हा पेंढा कोणाच्या तोंडचा घास आहे. यंत्राचा दांडा फिरू लागला, मुंगळ्यांनी पोटऱ्यांस मोर्चे लाविले, आणि इतक्यात आबाजींची म्हैस मोरी, चरून घरी परतणारी, आपली वैरण वारुळावर वाळत घातलेली पाहून थेट चालून आली.

प्रथम तिने दाढीची उजवी बाजू घेतली, मग डावी, मग सावकाश जटा. "हट् मोरे" हे शब्द लडकूजींच्या जिभेवर आले, ते त्यांनी गिळिले. मग मोरीने खरखरीत जिभेने कान, मान, गाल ऐसे चाटिले की कातडे सोलून निघावे. हललो तर चरवी, एवढेच ते मनात घोकीत होते. डायरेक्टरसाहेब ओरडावयास उठले, ते हात वर करून तैसेच राहिले आणि दांडेवाल्यास खुणाविते जाहले की, थांबू नको, तपाच्या तेजाने पशूही नमले आहे.

फाल्गुनात ते चित्र कर्जतास भाताच्या वखारीत, भरदुपारी दारे लावून दाखविले. पळसदरीचा यच्चयावत मनुष्य गेला. ऋषी दिसले तेव्हा कोणास ओळख पटेना. इतक्यात मोरी पडद्यावर आली आणि वखारीत एकच गिल्ला जाहला, मोरी आली, आपली मोरी. म्हाताऱ्यांनी म्हशीस हात जोडिले. शेजारीण पारू बोलिली, "ठके, तुजा लडकू कुठं हाय गं? समदं काम तर म्हशीचंच दिसतंय."

ठकीबाई पडद्यावरची नजर न काढिता बोलिल्या, "मोरी परक्याला चाटत नाय गं. चिखलाखाली माजाच हाय."

आबाजींनी मुंडाशाच्या शेवाने डोळे पुसले आणि धूळ गेली असे सांगितले. दुसरे दिवशी तह पुरा जाहला असे मानून पुत्राच्या हातच्या चरव्या त्यांनी स्वतः उचलिल्या. महिन्याने कंपनीचा खलिता आला की, पुढील चित्रास म्हैस पाठविणे, सोबत दोर धरण्यास एक इसम. लडकूजी दोर धरून मुंबईस दाखल जाहले आणि पुढे पुतळा, पहारेकरी आणि प्रेत या तीन हुद्द्यांवर दीर्घकाळ नांदले.

येणेप्रमाणे फत्ते पावली, ती दप्तरी दाखल केली असे. लिहिणार खुद्द लडकू, तिऱ्हाइताच्या नावे लिहिले ते लाजेस्तव. अक्षर सर्वत्र स्थिर आहे. एके जागी मात्र हात हलला, शाई फाकली, ती जागा मातोश्रींच्या बोलण्याची आहे. तेथे वाचणाराने क्षमा करावी.