टॅक्स लावा, साहेब

दिवाळीनंतर केवळरामच्या दारात राजदूत मोटारसायकल येणार होती. धान विकून पैसे तयार होते आणि अर्ध्या एकोडी गावाला सांगूनही झाले होते. तेवढ्यात वरठीहून त्याचा साळा, म्हणजे बायकोचा भाऊ, टेकचंद दिवाळीला आला. तो रेल्वेत बाबू. मुलांच्या कॉलेजसाठी आपण पोस्टात पैसे ठेवतो आणि त्यावर सरकार आपल्याला इन्कम टॅक्समध्ये सूट देते, हे त्याने जेवताना मोठ्या ऐटीत सांगितले. सरकार साळ्याला सूट देते आणि आपल्याला विचारतही नाही, हे त्याच्या मनाला लागले.

आठवड्याभरात त्याने साकोलीच्या पोस्टात जाऊन सगळे पैसे सहावीतल्या मुलीच्या, रत्नाच्या नावाने बचतपत्रांत घातले. बायकोने, कौशल्याबाईने, एका शब्दाने अडवले नाही. उलट पैसे नीट राहावेत म्हणून आतल्या खिशाची बंडी काढून दिली.

मग धुतलेले धोतर नेसून केवळराम भंडाऱ्याला, इन्कम टॅक्सच्या ऑफिसात सूट मागायला गेला. कारकुनाने विचारले, टॅक्स किती भरता? त्याने आजवर कधीच भरला नव्हता. मग सूट द्यायची कशातून, असे कारकून म्हणाला. ते केवळरामला पटले.

"मंग मले आधी टॅक्स लावा," तो म्हणाला, "अन् मंग सूट द्या."

कारकुनाने पेन खाली ठेवले आणि त्याला मोठ्या साहेबांकडे नेले. मागोमाग निम्मे ऑफिस आत आले. साहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि शेतीच्या उत्पन्नावर टॅक्स नसतो, हे समजावून सांगितले.

"थोडासाही नाई?"

"नाही."

"माहा साळा त भरते, साहेब."

साहेबांचा नाइलाज होता.

केवळराम तडक साकोलीला पैसे परत मागायला गेला, तर सहा वर्षे ते हलणार नव्हते. बातमी त्याच्या आधी गावात पोचली. पुढे सहा वर्षे तो सायकलच हाणत राहिला आणि लोक त्याला 'टॅक्सवाले भाऊ' म्हणत राहिले.

सहा वर्षांनी पैसे सुटले आणि रत्नाला भंडाऱ्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. फी भरून, तिला हॉस्टेलात सोडून नवराबायको बसची वाट पाहत बसले. केवळरामला भरून आले होते. आपल्या अडाणीपणामुळे का होईना, पोरीचे भले झाले, असे तो म्हणाला.

कौशल्याबाईने रिकामी पिशवी घडी करून मांडीवर ठेवली. मग म्हणाली, "शेतीले टॅक्स नसते, हे टेकचंदानं मले त्याच दिवाळीत सांगतलं होतं."

"मंग मले काहून नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं त तुमी गाडी आनली असती."

केवळरामला राग यायला हवा होता. तो आला नाही.  खिशातून उरलेल्या नोटा काढून त्याने तिच्या हातात दिल्या.

"हे तूच ठेव," तो म्हणाला. "मले कोनी काई सांगतलं, त मी तसंच करून बसतो."