ओहोटीत अडकलेली पाहणी

सन २०१८, माघ वद्य द्वादशी. पूर्णगडच्या खाडीतल्या वाघजुव्यावर त्या दिवशी सकाळी आठपासूनच धबधबा सुरू करून ठेवला होता.

जुवं म्हणजे खाडीतलं बेट. वाघजुव्यावर एकोणतीस घरं, माडांची दाटी आणि भोवती चिखल. ओहोटीला घरी यायचं तर गुडघाभर गाळ तुडवावा लागे. होडी लावायला धक्का हवा, हे मागणं हेमाताईंच्या सासऱ्यांपासूनचं. आता हेमाताई स्वतः सरपंच होत्या आणि बेट पर्यटनाच्या यादीत आलं तर धक्का मिळेल, असं त्यांना कळलं होतं. अर्जात पाच नैसर्गिक प्रेक्षणीय स्थळं मागितली होती.

"बगन्यासारखा काय हाय हितं?" सभेत काशीआत्या म्हणाल्या. "चिखल लिवतेस काय गो?"

चिखल सोडून सगळं लिहिलं. म्हशीच्या डबक्याचं सरोवर झालं, साळिंदराच्या बिळाची गुहा. पश्चिमेच्या बांधावर सूर्यास्त मांडला. काशीआत्यांच्या विहिरीचं पाणी पंपाने कातळावर सोडलं की खाली पडे, तो धबधबा. पाचवं सुचेना, तिथे 'इतर' लिहिलं.

पाहणीचे अधिकारी सलिल केळकर नऊच्या भरतीला यायचे होते. कोल्हापूरहून येताना पालीजवळ त्यांच्या गाडीचं चाक बसलं आणि ते किनाऱ्यावर पोचले साडेबाराला.

"वैनी, पानी उतारलाय," होडीवाला रघू म्हणाला. "आता नको."

"साहेब परत यायचे नाहीत, रघूभावजी. लोटा होडी."

अर्ध्या वाटेत होडी गाळावर बसली, ती म्हशीसारखी बसली.

"किती वेळ?" केळकरांनी विचारलं.

"पाचला सुटू."

"उतरून चालत गेलो तर?"

"जाल की. कमरेपर्यंत जाल."

हेमाताईंना रडू यायचं बाकी होतं. त्यांनी लांबच्या कातळावरच्या ओल्या डागाकडे बोट केलं. "तो धबधबा, साहेब. जवळून मोठा दिसतो."

केळकरांनी मान हलवली आणि घाम पुसला.

पाणी आणखी मागे सरलं आणि चिखल हलायला लागला. बोटाएवढ्या हजारो भोकांतून हजारो खेकडे वर आले. प्रत्येकाची एक नांगी अंगापेक्षा मोठी, पिकल्या रातांब्यासारखी लाल. एकाने ती उचलली, शेजाऱ्याने उचलली, आणि पार तिवरांपर्यंत सगळा गाळ नांग्या वर करू लागला, खाली करू लागला. आरती चालू असावी तसा, पण आवाज नाही.

"हे काय आहे?" केळकर कुजबुजले.

"खेकडे. खायला बरे नाय."

डोळे डोक्यावर असलेले इवले मासे पाण्याबाहेर टणाटण उड्या मारत होते.

"आणि हे?"

"निवटे. हे बरे लागतात."

तिवरांतून एक हूद, म्हणजे पाणमांजर, दोन पिल्लं घेऊन ओघळीत उतरली आणि होडीकडे बघत उभी राहिली. रघूने तिची चव सांगितली नाही.

हेमाताई सव्वीस वर्षं हा गाळ तुडवत होत्या, पण घसरू नये म्हणून नजर सदा पावलांवर. त्यांनी आज पहिल्यांदा मान वर करून तो बघितला.

बेटावरून काशीआत्यांची हाक आली, "हेमा गो, पंप बंद करू काय?" खेकडे बिळात जातील म्हणून कोणीच ओ दिली नाही. विहीर चारला आटली.

पाचला होडी तरंगली. "आता धबधबा बघू या," हेमाताई म्हणाल्या.

"नको," केळकर म्हणाले. "आज डोळ्यांत जागा नाही."

महिन्याभराने पत्र आलं. वाघजुवं यादीत पहिलं होतं. खाली केळकरांचा शेरा होता: 'ओहोटीची ही भूमी जशीच्या तशी राखावी. येथे कोणतेही बांधकाम, विशेषतः धक्का, होऊ देऊ नये.'

त्यानंतर केळकरांची नागपूरला बदली झाली. दर माघात ते बायकोला घेऊन येतात आणि मुद्दाम उशिरा पोचतात. रघू आता तिथी बघून होडी गाळावर बसवतो, आणि मुंबईची माणसं त्यासाठी महिना आधी फोन करतात. काशीआत्यांच्या विहिरीला पाणी आलं, पण पंप त्यांनी लेकीकडे नाटे गावी धाडून दिला.

हेमाताई आता सरपंच नाहीत. परवा बाजारातून येताना गाळात घसरून त्या बसकण मारून पडल्या. रघू हात द्यायला धावला.

"थांबा भावजी," त्या हळूच म्हणाल्या. "आत्ताच वर आलेत."