लाल गाडीचा कच्चा रंग

“बाबा, बाळाला घरी न्यायला आपली लाल गाडीच आणायची हं! टॅक्सी-बिक्सी काही चालणार नाही,” लेकीनं दवाखान्यातल्या खाटेवरून फर्मान सोडलं. मास्तरांनी नुकत्याच जन्मलेल्या नातीच्या मुठीतून आपलं बोट अलगद सोडवलं आणि मोठ्या तोऱ्यात म्हणाले, “म्हणजे काय! तुलाही त्याच गाडीतून आणली होती. घराण्याची रीतच आहे ती.”

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणकामातले. लेक लग्न होऊन दूरच्या गावी गेली, मग नवऱ्याच्या नोकरीपायी त्याहून दूर. कित्येक वर्षांनी बाळंतपणासाठी म्हणून येत होती, तर नातीलाच घाई झाली आणि लेकीला स्टेशनवरून थेट दवाखान्यात न्यावं लागलं. घर बघणं राहिलं, गाडी बघणंही राहिलं.

घरी परतल्यावर मास्तरांनी फाटक उघडलं आणि आपल्या गाडीकडे पहिल्यांदाच लेकीच्या डोळ्यांनी पाहिलं. पाहिलं आणि पायरीवर मटकन बसले.

गाडी लाल नव्हती. कधीकाळी होती, याला फार तर दरवाजाच्या आतल्या कडा साक्ष देत होत्या. बाकी सगळा रंग धुऊन धुऊन विटलेल्या अस्तरासारखा गुलबट, आणि टपावर तर पांढुरकी भुकटी. बोट फिरवलं की बोटाला पावडर लागायची. देव मोठा दयाळू आहे. म्हातारपण तो माणसाच्या पानात एकदम वाढत नाही. रोज आरशात चिमूट चिमूट वाढतो, म्हणून ते पचतं. गाडीचंही त्यानं तसंच केलं होतं. ऊन रोज थोडं थोडं लाल नेत होतं आणि मास्तर रोज त्याच गाडीला ‘लाल गाडी’ म्हणत होते.

लेकीला आणली त्या दिवशी ती पिकल्या डाळिंबासारखी होती. मागच्या सीटवर बायको, तिच्या मांडीवर ते एवढंसं गाठोडं, आणि गाडी इतकी हळू, की एका सायकलवाल्यानं त्यांना मागं टाकलं, मग एका चालणाऱ्या बाईनं टाकलं, आणि ती बाई काचेतून डोकावून “मुलगी का?” असं विचारूनही गेली. ऊन लागू नये म्हणून मास्तरांनी काचांना स्वतः झालरीचे पडदे शिवले होते. पुढं त्याच गाडीच्या कोमट बॉनेटवर बसून लेकीनं पाढे पाठ केले. आणि सासरी जाताना तिला स्टेशनवर सोडून परतताना मास्तरांना अर्ध्या रस्त्यात गाडी थांबवावी लागली होती. इंजिनाचा धूर डोळ्यांत गेला, असं ते आजही सांगतात. बायको आजही काही बोलत नाही.

“अहो, पायरीवर काय बसलात?” बायको दारात आली.

“गाडी गुलाबी झालीय गं.”

“आत्ता कळलं? मला वाटलं, तुम्हाला आवडते म्हणून ठेवलीय.”

“परवा सोडणार आहेत पोरीला. तिला लाल गाडी हवीय. लाल म्हणजे लाल.”

तेवढ्यात कुंपणापलीकडून हॉर्नकाकांचं डोकं वर आलं. हे शेजारी जन्मभर बस चालवून निवृत्त झाले होते. पण गर्दीतून वाट काढायची सवय गळ्याला अजून होती, म्हणून हे नाव. “मास्तर, गाडीला काही झालेलं नाही!” ते गल्लीभर ऐकू जाईल असं म्हणाले. “वरचा रंग मेलाय फक्त. खाली जिवंत आहे! मेलेला काढा, जिवंत वर येईल!” आणि त्यांनी पॉलिशचा एक जुनाट डबा कुंपणावरून पुढं केला. “मऊ फडकं घ्या, सावलीत बसा, हातभर जागा घ्या आणि गोल गोल घासा. झालं की मेण लावा. आणि पुन्हा उन्हात ठेवू नका!”

मऊ फडक्यांना मास्तरांकडे काय तोटा? दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गाडी झाडाच्या सावलीत ढकलली आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार घासायला घेतलं. थोड्या वेळानं बायको चहा घेऊन आली आणि कप हातात तसाच राहिला. दाराच्या मधोमध ताटलीएवढा गोल, लालभडक, ओला वाटावा असा चमकत होता.

“अगंबाई! हाच तो रंग!” ती म्हणाली. मग दोन पावलं मागं सरकून बघत म्हणाली, “पण आता बाकीची गाडी आजारी दिसतेय हो.”

हे खरंच होतं. आतापर्यंत गाडी नुसती विटकी होती; आता ती गालावर थापट मारल्यासारखी दिसत होती. आता मागं फिरणं नाही. मास्तर पुन्हा घासू लागले, आणि सहज त्यांनी हातातल्या फडक्याकडे बघितलं. फडकं लालेलाल झालं होतं. हात लाल, बाह्या लाल, सदऱ्याचा पुढा लाल.

मेलेला रंग फडक्यावर यायचाच. हॉर्नकाका ते सांगायला विसरले होते. पण मास्तरांचा जन्म कापडात गेलेला. फडक्याला रंग लागला याचा अर्थ त्यांच्या शास्त्रात एकच होता.

“कच्चा रंग!” ते किंचाळले. “अगं, रंग सुटतोय! मीठ आण! व्हिनेगर आण! रंग बसवायला हवा!”

लाल कापडाचा रंग सुटू लागला की मिठाच्या पाण्यात बुडवायचं, हे मास्तर आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगत आले होते. गाडी बादलीत मावेना, म्हणून त्यांनी बादलीच गाडीवर ओतली. एक, मग दुसरी, आणि कुठं कमी राहायला नको म्हणून तिसरी, जरा कडक. मग कापड वाळत घालतात तशी गाडी सावलीतून ढकलून उन्हात आणली.

ऊन कडक होतं. मास्तर हात धुऊन येईपर्यंत गाडी वाळली आणि टपापासून चाकांपर्यंत पांढरे ओघळ उमटले.

कुंपणावरून हॉर्नकाका डोकावले. आयुष्यात प्रथमच त्यांचा आवाज बसला. “मास्तर... हे काय?”

“मीठ. रंग पक्का करतोय.”

“मीठ? लोखंडाला?” आवाज परत आला, चांगला दुप्पट होऊन. “अहो, गाडीला रंग लावताय की मुरवायला घालताय? धुवा! आधी धुवा! सांदीकोपऱ्यात राहिलं तर वर्षभरात गाडीची चाळण होईल!”

मग जी धुणी सुरू झाली! नळी लावली, बादल्या ओतल्या, चाकांखाली झोपून धुतलं. टाकी रिकामी झाली आणि वरच्या मजल्यावरचे भाडेकरू डोक्याला साबण लावलेल्या अवस्थेत गॅलरीत येऊन उभे राहिले. “मास्तर, पाणी!” “जरा थांबा, मीठ निघतंय!” साबणाच्या फेसाआडून त्यांना काय समजलं कोण जाणे, पण ते मुकाट्यानं आत गेले.

संध्याकाळ धुण्यात गेली. दुसऱ्या दिवशी उजाडताच मास्तर पुन्हा घासायला बसले. ड्रायव्हरची अख्खी बाजू संपली. लाल काचेसारखी! तीत मास्तरांना स्वतःचा चेहरा दिसला, आणि तो बरा वाटला. फडकं घेऊन ते दुसऱ्या बाजूला वळणार, तोच दवाखान्यातून जावयाचा फोन आला. संध्याकाळी नव्हे, आत्ताच सोडताहेत.

“निघा,” बायको म्हणाली.

“अशीच? अर्धी?”

“मग काय, पोरीला सांगू, दुसरी बाजू धुवायला टाकलीय म्हणून?”

मास्तरांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. सदरा कमी कापडात बसवायचा, तर ठिगळ पाठीमागं जाईल असं कापायचं, हे त्यांना ठाऊक होतं. लाल बाजू दवाखान्याच्या दाराकडे ठेवायची, की झालं! बायकोला शेजारी बसवून ते निघाले. वाटेत त्यांच्या लक्षात आलं, की सरळ आत शिरलं तर दाराकडे गुलाबी बाजू येते. म्हणून त्यांनी दवाखान्याच्या फाटकातून गाडी उलटी आत घातली.

“ओ काका! उलटे कुठं?” पहारेकरी धावला.

“येतो, येतो. पुढचा भाग मागं आहे, एवढंच.”

मागून येणाऱ्या गाड्या थांबल्या, समोरून निघणाऱ्याही थांबल्या. सगळीकडून हॉर्न वाजू लागले. घामाघूम झालेल्या मास्तरांनी गाडी दाराशी लाल बाजूनं लावली आणि विजयी मुद्रेनं खाली उतरले. पहारेकऱ्यानं त्यांच्याकडे नीट पाहिलं. हात कोपरापर्यंत लाल. सदरा छातीवर लाल. कपाळ पुसलं होतं, तिथंही लाल.

“सिस्टर!” तो ओरडला. “खुर्ची आणा! अपघात!”

“अहो, रंग आहे हा...”

“बोलू नका काका. बोललं की जास्त वाहतं.”

“गाडीचा रंग आहे!”

“डोक्याला मार दिसतोय,” सिस्टर हलक्या आवाजात म्हणाली, आणि तिनं मास्तरांना चाकांच्या खुर्चीत दाबून आत पळवलं. बायको मागं धावणार, तर दुसऱ्या सिस्टरनं तिला अडवलं. “बाळंतीण तुमचीच ना? पुढच्या दारात गाड्या तुंबल्यात. तिला बागेकडच्या दारानं बाहेर काढतोय, तिकडं या.”

आत डॉक्टरनं ओला कापूस फिरवला, कापूस लाल झाला आणि खालची कातडी धड निघाली. मग खुलासा झाला. मास्तर जे सुटले ते धावत बाहेर आले. दारापाशी लाल बाजू झळाळत होती. पण तिथं कुणीच नव्हतं. बागेकडच्या दारानं आलेली मंडळी गाडीच्या पलीकडच्या अंगाला उभी होती.

मास्तर गाडीला वळसा घालून गेले. लेक बाळाला छातीशी धरून उभी होती. मोकळा हात तिनं त्या विटलेल्या, गुलबट दारावर ठेवला होता, आणि तिच्या बोटांना पांढरी पावडर लागली होती.

“सॉरी गं,” मास्तर म्हणाले. “मी खूप...”

“बाबा!” लेकीचे डोळे भरून आले होते. “तश्शीच ठेवलीत हो! अगदी तश्शीच! शाळेत जाताना माझ्या बाह्यांना ही पावडर लागायची, आणि आई रोज ओरडायची. आठवतं?” मग बाळाच्या कानाशी वाकून म्हणाली, “ही बघ. ही आपली लाल गाडी.”

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. बायकोनं आकाशाकडे पाहिलं. जावयानं बॅगा ठेवायला डिकी उघडली. मास्तरांनी लेकीला त्याच गुलाबी दारातून आत बसवलं. परतीच्या वाटेवर एका सायकलवाल्यानं त्यांना मागं टाकलं.

घरी पोचल्यावर मात्र फाटकाशी लेक उतरली ती दुसऱ्या बाजूनं. उतरली आणि किंचाळली, “अगंबाई! या बाजूला काय झालं? कुणी ठोकली का? रंग किती भलता बसवून दिलाय हो!”

हॉर्नकाका कुंपणावरून कौतुक वसूल करायला तोंड उघडणार होतेच. मास्तरांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते डोकं बुडवून खाली गेले.

“होईल बरोबर, बाळा,” मास्तर म्हणाले. “तू आत चल. नातीला ऊन लागतंय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉर्नकाका मेणाचा नवा डबा घेऊन आले. उरलेली बाजू आज संपवूनच टाकू, असा त्यांचा बेत होता. पण फाटकाशी येऊन ते थबकले. गाडी कालच्या जागी नव्हती. झाडाच्या सावलीतून बाहेर काढून, तोंड फिरवून ती अशी उभी केली होती, की सगळं ऊन थेट त्या चकचकीत लाल बाजूवर पडावं. गुलाबी बाजू सावलीत होती, आणि तिच्यावर एक जुनी चादर चापूनचोपून घातली होती.

“मास्तर, डोकं फिरलं काय?” ते ओरडले. “बाळ झोपलंय,” असं आतून कुणीतरी म्हणालं, तेव्हा त्यांनी आवाज खाली आणला. “चांगली बाजू उन्हात? अहो, पार उडून जाईल तिचा रंग!”

मास्तर पायरीवर बसून नातीचं झबलं शिवत होते. दोरा दातानं तोडत त्यांनी सूर्याकडे पाहिलं, मग गाडीकडे पाहिलं.

“एकदम कसा उडेल?” ते म्हणाले. “पण नात शाळेत जायला लागेपर्यंत, देवाच्या दयेनं, तिच्या बाह्यांपुरती पावडर होईल.”